दिवा डाव्या बाजूला

जहाजाने बंदर सोडलं, आम्ही जेवायला बसलो आणि सूप येईपर्यंत आमच्या ह्यांनी मला कामाला लावलेलं होतं.

झालं असं, की प्रवाशांच्या करमणुकीची व्यवस्था बघणारी एक मुलगी टेबलाटेबलावर फिरत होती. छातीवर भलामोठा बिल्ला आणि चेहऱ्यावर काही केल्या न उतरणारं हसू. ती म्हणाली, "एक छोटीशी अडचण झालीय. आपल्याकडे रोज सकाळी हस्तकलेची कार्यशाळा असते, पण शिकवणाऱ्या बाई आयत्या वेळी आजारी पडल्या. त्यामुळे तेवढा कार्यक्रम रद्द झालाय. माफ करा हं." विषय तिथेच संपला होता. कुणाचं काही अडणार नव्हतं. आमच्या समोर बसलेल्या जाडजूड गृहस्थांनी तर ताटातून मानसुद्धा वर केली नाही. पण आमच्या ह्यांनी चमचा खाली ठेवला.

"रद्द कशाला? आमची ही आहे की! जन्मभर शाळेत हस्तकलाच शिकवलीय तिने. कागद द्या, कापड द्या, मणी द्या, हिला सगळं येतं."

मी टेबलाखालून ह्यांना पाय मारला. तो त्या जाडजूड गृहस्थांना लागला. त्यांची माफी मागून होईपर्यंत बिल्लेवालीने माझे दोन्ही हात हातात घेतले होते आणि "थँक्यू, थँक्यू, तुम्ही वाचवलंत" असं म्हणून ती पुढच्या टेबलावर ही आनंदाची बातमी सांगायला निघूनही गेली होती.

हिला सगळं येतं. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. हिला सगळं येतं म्हणून ह्यांच्या ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमाचं स्टेज मी सजवायचं. हिला सगळं येतं म्हणून नणंदेच्या मुलीच्या लग्नातल्या सगळ्या भेटवस्तू मी रात्र रात्र बसून बांधायच्या. तोंडभरून कौतुक ह्यांनी करायचं आणि कंबर मोडून काम मी करायचं, अशी आमच्या संसारातली वाटणी आहे. मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन डिंकाची बाटली केराच्या डब्यात टाकली होती. यापुढे कात्री हातात घेतली तर फक्त दुधाची पिशवी कापायला, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालेही होते. ह्यांनी ते ऐकलं होतं. ऐकून हसले होते.

केबिनमध्ये आल्यावर मी दार लावलं.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? तुला मान मिळतोय. सगळं जहाज ओळखेल आता तुला."

"मला मान नकोय. मला खुर्ची हवीय. वर डेकवरची, समुद्राकडे तोंड असलेली. तुम्हाला माहितीय मी या जहाजावर कशासाठी आलेय."

"माहितीय गं. तुझा दिवा ना? तो परवा आहे. परवाचं परवा बघू."

असं म्हणून हे कुशीवर वळले आणि घोरायलाही लागले. मी बराच वेळ त्या गोल खिडकीतून बाहेर बघत बसले. राग आला की मला झोप येत नाही, आणि ह्यांना माझा राग दिसला की ताबडतोब झोप येते.

आता दिव्याचं सांगते. माझे वडील दीपगृहावर नोकरीला होते. आम्ही त्याला नुसतं दिवा म्हणायचो. समुद्रात एक उघडाबोडका खडक, त्यावर तो पांढरा मनोरा आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी आमचं दोन खोल्यांचं घर. आई, वडील, मी आणि एक कायम रुसलेली शेळी. सामानाची होडी येईल तेव्हा माणसाचं तोंड दिसायचं, एरवी नाही. पण जहाजं जायची. आमच्या बेटाच्या आणि किनाऱ्याच्या मधून खोल पाण्याची एक वाट होती. मोठी जहाजं तिथून यायची आणि बरोब्बर आमच्या समोर आली की वळायची, कारण पुढे पाण्याखाली खडक होते. वळताना आधी त्यांची अख्खी कूस दिसायची, रांगेने लावलेल्या खिडक्या दिसायच्या, आणि मग पाठ.

जहाज दिसलं की मी हातातलं टाकून कठड्याशी धावायचे आणि हात करायचे. दोन्ही हात. खांदे दुखेपर्यंत. वडीलही यायचे, टोपी काढून हलवायचे. ते म्हणायचे, त्यांना कळू दे, इथे माणसं राहतात. पण जहाजावरून कधीच कुणी हात केला नाही. एकदाही नाही. मी पाय आपटत घरात यायचे आणि आईला विचारायचे, त्या लोकांना हात नाहीत का? आई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "असतील गं. पण बायका खाली कामात असतील आणि पुरुष वर बोलण्यात असतील. कोण बघणार आपल्याकडे?"

मी शाळेत जायच्या वयाची झाले तशी आई मला घेऊन किनाऱ्यावर आली. पुढे दिवा आपोआप पेटायला लागला, तिथे माणसांची गरज उरली नाही आणि वडीलही आले. आता दोघेही नाहीत. बेटावर उतरायला परवानगी नाही, तिकडे होडी जात नाही. मी कितीदा चौकशी केली. मग या क्रूझची जाहिरात आली, तिच्यात मार्गाचा नकाशा होता, आणि ती ठिपक्यांची रेघ आमच्या बेटाला खेटून जात होती. मी तो नकाशा ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, मला इथे जायचंय. लग्नानंतर मी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली मोठी गोष्ट असावी. मला त्या जहाजाच्या कठड्याशी उभं राहून दिव्याला हात करायचा होता. बस्स. जहाजावरून एकदा तरी कुणीतरी हात करावा, एवढंच.

चढल्या चढल्या मी रिसेप्शनवर विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी, नाश्ता आटोपल्यानंतर, डाव्या बाजूला दिसेल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. आणि येताना? येताना जहाज दुसऱ्या बाजूने, मोकळ्या समुद्रातून येणार होतं. म्हणजे एकदाच.

तर कार्यशाळा. जागा दिली होती जहाजाच्या पोटात, तीन जिने खाली, गुलाबी गालिच्याच्या एका गोल हॉलमध्ये. एकही खिडकी नाही. समुद्राच्या मधोमध बसून समुद्र दिसू नये अशी जागा शोधायची तर कौशल्यच लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदी फुलं केली. एक निवृत्त दंतवैद्य आले होते, ते पाकळी अशी ओढायचे की शेजारच्या बायका "आई गं" म्हणायच्या. दोघी बहिणी होत्या, त्यांचं आपापसांत बोलणं नव्हतं पण कात्री एकच होती, त्यामुळे ती माझ्यामार्फत इकडून तिकडे जायची. माणसं वाईट नव्हती. हसत होती, एकमेकांची फुलं बघत होती. राग त्यांचा नव्हताच.

राग होता पहिल्या रांगेतल्या माणसाचा. आमचे हे पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते आणि येईल त्याला माझी ओळख करून देत होते. "बघा, बघा, बोटं बघा तिची. मी नेहमी म्हणतो, हिच्या हातात जादू आहे." स्वतः मात्र कागदाला हात लावत नव्हते. मी म्हणाले, या, तुम्हीही एक फूल करा. तर म्हणे, "छे छे, मला कुठलं जमतंय!" जमत नाही हे किती सोयीचं असतं. माझ्या आयुष्यात मला एखादी गोष्ट न जमण्याची चैन कधी करता आली नाही.

एक सांगायला हवं. आमच्या विषयात शिकवणारा कधीच पूर्ण वस्तू करत नाही. वर्गात दाखवायला अर्धाच नमुना करायचा, पुढचं मुलांनी करायचं. पूर्ण करून दाखवली तर मुलं नुसती बघत बसतात. त्या सवयीने माझ्या हातून सगळं अर्धं होतं. आमच्या घरात मी केलेली एकही पूर्ण वस्तू नाही. नुसते नमुने, खोके भरभरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून आवरलं, चांगली साडी नेसले, केसांना रुमाल बांधला कारण वर वारा असतो. हे चहा घेऊन आले आणि केबिनच्या दारातच उभे राहिले. त्यांच्या उभं राहण्यावरूनच मी ओळखलं.

"काय केलंत?"

"अगं, ती मुलगी काल आली होती. म्हणाली, इतक्या लोकांची नावं आलीत की जागा पुरत नाही. मग आजची कार्यशाळा मोठी केलीय आणि अलीकडे घेतलीय. मण्यांची. नाश्त्यानंतर लगेच."

"नाश्त्यानंतर लगेच काय आहे?"

ह्यांनी चहाचा कप पुढे केला.

"तोंडाने बोला. नाश्त्यानंतर लगेच काय आहे?"

"दिवा आहे. अगं, माझ्या लक्षातच आलं नाही! पण आता सगळे खाली जमायला लागलेत. तू असं कर, तू सुरू कर. मी वर कठड्याशी उभा राहतो. टोक जरी दिसलं तरी धावत तुला बोलवायला येतो. तीन जिने तर आहेत. शब्द देतो."

मला ओरडायचं होतं. मी ओरडलेही, पण केबिनच्या भिंती पातळ असतात, तेव्हा दबक्या आवाजात. दबक्या आवाजात ओरडण्याचा सराव मला भरपूर आहे. म्हणाले, तुम्हाला कळतंय का मी काय मागितलं होतं? तुमच्या शब्दावर विसंबून मी आजवर किती वेळा तोंडघशी पडलेय ते ठाऊक आहे का? हे मान हलवत राहिले. मान हलवणं ह्यांना फार छान येतं. आणि तेवढ्यात बिल्लेवालीने दार वाजवलं, "मॅडम, सगळे तुमचीच वाट बघतायत!" आणि माझे पाय, मेले, जिन्याकडे वळले. इतकी वर्षं घंटा झाली की वर्गात जाण्याची सवय. स्वतःच्या पायांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

हॉल भरला होता. लांब टेबलं एकाला एक जोडून ठेवली होती आणि त्यांवर बश्यांमधून रंगीबेरंगी काचेचे मणी. मी दोरा घेतला, अर्धा नमुना ओवायला लागले. दोन निळे, एक पांढरा, दोन निळे. तोंडाने सांगत होते, कान मात्र दाराकडे. दार उघडलं की माझी मान वळायची. एकदा वेटर आला. एकदा उशिरा आलेल्या एक बाई आल्या. दंतवैद्यांनी विचारलं, "बाई, शेवटची गाठ कधी शिकवणार?" मी म्हणाले, थांबा, आधी सगळ्यांचं निम्मं होऊ दे.

आणि मग मणी चालायला लागले.

आधी एक सुटा मणी टेबलावरून गेला, सावकाश, जणू त्याला कुठे जायचंय ते पक्कं माहीत आहे. मग चार. मग बश्याच सरकल्या, आणि सगळ्या टेबलांवरचे सगळे मणी एकाच बाजूला धावले आणि खाली गालिच्यावर सांडले. सगळे हसायला लागले, "अरे, अरे, पकडा!" दोघी बहिणी जन्मात पहिल्यांदा एकाच टेबलाखाली शिरल्या. बिल्लेवाली म्हणाली, "काही नाही, काही नाही, जहाज वळतंय फक्त."

जहाज वळतंय.

जहाजं कुठे वळतात ते मला सांगायला नको होतं. जहाज वळतंय म्हणजे दिवा पुढे येणार नव्हता, दिवा आला होता. आत्ता, या क्षणी, या आंधळ्या भिंतीच्या पलीकडे तो मनोरा उभा होता आणि जहाज त्याला पाठ दाखवायला लागलं होतं. मी हातातला दोरा तसाच मुठीत धरला आणि निघाले. कुणीतरी "बाई, पुढे काय?" असं विचारलं. मी मागे वळून बघितलं नाही. मण्यांवरून पाय घसरला, गुडघा खुर्चीला आपटला, तरी थांबले नाही. तीन जिने. माझ्या वयाला तीन जिने म्हणजे काय ते ह्यांना कधी कळायचं नाही.

डेकवर ऊन इतकं होतं की क्षणभर दिसेना. मग दिसले ते आमचे हे. डाव्या कठड्याशी, समुद्राकडे पाठ करून, कोपर टेकवून उभे. समोर ते जाडजूड गृहस्थ आणि आणखी पाचसहा जण. हे हातवारे करत सांगत होते, "...म्हणजे तुम्हाला सांगतो, दीपगृहावरची मुलगी! कुणाला खरं वाटेल? मीच तिला म्हटलं, तुझ्यातली कला लोकांना दिसली पाहिजे..."

मी त्यांच्या शेजारून गेले. त्यांनी बघितलं नाही. मी जहाजाच्या पार मागच्या टोकाला गेले, जिथे खाली पांढरं पाणी उसळतं, आणि तिथे कठड्याला चिकटले.

होता. दूर होता, पण होता. रंग उडालेला, एका बाजूला काळा ओघळ आलेला. पायथ्याच्या घरावर छप्पर नव्हतं, भिंती तेवढ्या. कठडा मात्र तसाच, जिथे मी उभी राहायचे तिथला. मी दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागले. मुठीत दोरा होता, त्याच्या टोकाला गाठ नव्हती. मणी एकेक करून माझ्या केसांत, खांद्यावर, कठड्यावर पडत राहिले. मी हात हलवत राहिले. रडत होते का? होते. रागाने रडत होते. एवढ्या लांबून आले, आणि तरी दिव्याला पाठच दिसली. पुन्हा एका जहाजाची पाठ.

"अगं, आलीस होय तू!" मागून हे. धापा टाकत, हसत. "मी आत्ता येणारच होतो बोलवायला. यांच्याशी जरा बोलत होतो. पण काळजी करू नकोस, फोटो काढून ठेवलाय." त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. फोटोत हे होते. गाल, चष्मा, सगळे दात. दिवा नेमका ह्यांच्या डोक्यामागे गेला होता. कानाच्या वर पांढरं काहीतरी चिमूटभर दिसत होतं, तोच असावा.

मी हात हलवत राहिले.

आता ते जाडजूड गृहस्थही आले, मागून बाकीचे. ह्यांनी आवाज खाली आणला. "अगं, पुरे आता. माणसं बघतायत. कुणाला हात करतेस? तिथे कुणी नाही."

"आम्ही होतो," मी म्हणाले.

ह्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी फोन खिशात टाकला. जाडजूड गृहस्थांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दिव्याकडे, आणि आपला जाड हात वर केला. अवघडून, वर्गात उत्तर येत नसताना मुलं करतात तसा. मला ते आवडलं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते माझं काम होतं.

मी एका हाताने साडीला लावलेला बिल्ला काढला. बिल्लेवालीने सकाळी खाली नेताना लावला होता, त्यावर नुसतं "कार्यशाळा" असं लिहिलेलं होतं. तो मी ह्यांच्या शर्टाला टोचला. जरा आतही टोचला असेल.

"खाली सगळे थांबलेत. त्यांचं निम्मं झालंय. पुढचं तुम्ही शिकवा."

"मी? अगं, मला कुठलं जमतंय!"

"जमेल. आमच्या ह्यांना सगळं येतं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोघं तिघं हसले आणि मग हसायचं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ह्यांनी बिल्ला चाचपला. मग गेले. जिन्याच्या तोंडाशी एकदा वळून बघितलं, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

दिवा काडीएवढा झाला, मग टाचणीएवढा. हात भरून आले तरी मी ते खाली घेतले नाहीत. वडील अशा वेळी टोपी घालायचे आणि म्हणायचे, गेलं. मी आतून आईला ओरडून सांगायचे, नाही केला गं, याही वेळी कुणी नाही केला.

बऱ्याच वेळाने बिल्लेवाली धावत वर आली. तिचं हसू पहिल्यांदाच उतरलं होतं.

"मॅडम, सरांच्या हातून दोऱ्यांचा सगळा गुंता झालाय. ते घामाघूम झालेत. विचारतायत, शेवटची गाठ कशी मारायची?"

मी समुद्रावरून नजर काढली नाही.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "बाई वर कामात आहेत."